आबांनी नाव ठेवणं सोडलं तेव्हा

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बावीस वर्षांत माझ्या स्वयंपाकाला एकदाही छान म्हटलं नव्हतं. लग्न होऊन जळगावात, पिंप्राळ्याच्या घरात आले आणि तिसऱ्या दिवशी जीव ओतून वरणबट्टी केली. आबांनी बट्टी मोडली, वर तूप घेतलं, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली आणि म्हणाले, "वरण पातळ शे." आबा मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. सगळी नोकरी जळगावात केली, पण जीभ गावाकडचीच राहिली, बोलण्यातही आणि खाण्यातही. रोज काहीतरी निघायचंच. शेवभाजीतली शेव मऊ पडली, भाकरी एका बाजूनं करपली, फोडणीत लसूण कच्चा राहिला. अगदीच काही सापडलं नाही तर ताटावरून उठताना म्हणायचे, "चालेल." आमच्या घरात यापेक्षा मोठं बक्षीस नव्हतं.

सुरुवातीला मी मोरीत जाऊन रडायचे. मग उलट बोलायला लागले, "उद्यापासून तुम्हीच करा." सासूबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, मला बाजूला घेऊन समजवायच्या. "अगं, नाव ठेवतात म्हणजे लक्ष देऊन जेवतात. तुझा नवरा बघ, पेपर वाचत जेवतो. त्याला उद्या पेपरच वाढलास तरी कळायचं नाही." ते काही खोटं नव्हतं.

माझं वजन हळूहळू वाढत गेलं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून मी गॅस बंद केला की नाही ते आठवत असल्याचं सोंग करायचे. सगळ्या बिल्डिंगला वाटायचं, ही बाई फारच विसरभोळी. शेवटी गुडघे गेले, साखर वाढली आणि गणपती उठल्यावर नाशिकला वजनाचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकला. पंधरा दिवस नुसतं पातळ, मग गाळलेलं, मग कुस्करलेलं. लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी अक्कांनी कपाटातून काढली. त्या वाटीभर वरणात माझं जेवण होऊ लागलं, तेही अर्धा तास चावत. घरच्या सगळ्यांना खाऊ घालून वर दोन भाकऱ्या चापणारी बाई मी, आणि लेकीच्या वाटीवर आले.

डॉक्टरांनी घरकामाला परवानगी दिली तरी मला स्वयंपाकघरात कोणी येऊ देईना. एकदा संध्याकाळी फिरून लवकर परत आले तर घरात चिटपाखरू नाही. वर गच्चीवर गेले. चौघंही, आबा, अक्का, माझे हे आणि लेक, टाकीच्या आडोशाला बसून बाहेरून आणलेली शेवभाजी आणि पोळ्या खात होते. मला पाहिल्यावर अक्कांनी ताटावर पदर टाकला. या वयात.

"तुझ्यासमोर घास उतरत नाही गं," त्या म्हणाल्या.

मला राग आला. "पोट लहान केलंय अक्का, हात नाही कापला," मी म्हटलं. "उद्यापासून स्वयंपाक मी करणार आणि सगळ्यांनी माझ्यासमोर बसून जेवायचं."

खरं सांगते, मला भीती वाटत होती. मी जास्त शिकलेली नाही, कुठे नोकरी नाही. या घरात मला जे काही नाव आहे ते माझ्या हाताच्या चवीचं. अमळनेरच्या नणंदेच्या शेतात दर पौषात भरिताची पार्टी होते, धुळ्याहून, जळगावहून तीस-पस्तीस माणूस जमतं आणि भरीत मीच ठेचते. ते माझ्याकडून गेलं तर मग मी या घरात कोण, असा प्रश्न मला पडायला लागला होता.

दिवाळीपासून चूल माझ्या ताब्यात आली. पहिल्याच दिवशी फौजदारी डाळ केली, भरपूर लसूण आणि लाल मिरचीची. मीठ बघायला बोटभर जिभेवर लावलं, अळणी लागलं. अजून घातलं. तरी अळणी. अजून थोडं घातलं. सगळे जेवायला बसले. मी चांदीची वाटी घेऊन समोर बसले. आबांनी पहिला घास घेतला, थोडे थांबले आणि म्हणाले, "छान शे."

मला भरून आलं. बावीस वर्षांनी माणसाला पाझर फुटला. ह्यांनी पेपरमधून मान वर करून "एकदम मस्त" म्हटलं. लेकीनं दोनदा वाढून घेतलं, भात मात्र डोंगराएवढा घेतला. मी मनात म्हटलं, ऑपरेशन आधीच करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी परत छान शे. तिसऱ्या दिवशीही. महिनाभरात मला त्या शब्दाचा संशय यायला लागला. माठ दुपारीच रिकामा व्हायचा. अक्का रोज पातेलंभर ताक करायच्या आणि रात्रीपर्यंत ते संपायचं. "एवढं ताक कशाला?" विचारलं तर म्हणायच्या, "ऊन वाढलंय." मार्गशीर्षात! सकाळी अंगावर शाल घेतल्याशिवाय बाहेर पडवत नव्हतं.

मग एक दिवस हे हळूच म्हणाले, "या वर्षी भरीत अमळनेरची ताईच करेल. तुला दगदग नको." मी भांडी घासणाऱ्या बाईला सुट्टी दिली आणि सगळी भांडी स्वतः घासली, आपटून आपटून. हात गेला आपला, असं पक्कं वाटलं. कोणी तोंडावर सांगत नव्हतं एवढंच.

त्याच आठवड्यात आबांचे पाय सुजले. पायाचा अंगठा चपलेत शिरेना. आबांना ब्लडप्रेशर जुनं, गोळी रोजची. मी त्यांना रिक्षात घालून चौकातल्या आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रेशर दोनदा मोजलं, चेहरा गंभीर केला आणि विचारलं, "आबा, मीठ कुठून जातंय पोटात? घरचं जेवण खारट असतं का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही हो," ते म्हणाले, "घरचं एकदम बेताचं असतं. मीच चोरून लोणचं खातो. पापडही खातो."

आबांच्या तोंडात दात चार. पापड खाऊन त्यांना किती वर्षं झाली ते त्यांनाही आठवणार नाही. लोणच्याची बरणी तर माझ्या हातात असते, मलाच वरच्या फळीवरून काढावी लागते. माणूस माझ्याशेजारी बसून, माझ्यासाठी, डॉक्टरांसमोर धडधडीत खोटं बोलत होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

घरी आल्यावर चप्पलही न काढता मी त्यांच्यासमोर बसले. "आबा, खरं सांगा. माझ्या हातचं खारट होतं?"

आबांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी पदराशी चाळा सुरू केला. म्हणजे त्यांनीच सगळ्यांना शपथ घातलेली होती, माझ्यासमोर कोणी नाव ठेवायचं नाही म्हणून. शेवटी आबाच म्हणाले, "बठ्ठं खारं शे, माय. दोन महिना व्हयनात." सगळंच खारट, दोन महिने!

"मग बोलला का नाहीत? बावीस वर्षं तर जीव खाल्लात माझा."

"तू दोन चमचा खास," ते म्हणाले, "आन मी ताटभर खाईसन नाव ठेवू का?"

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायलाच लागले. मला सगळ्यांचा इतका राग आला होता आणि सगळ्यांवर इतकी माया दाटली होती की काय करावं ते सुचेना. ह्यांना म्हटलं, "तुम्हाला तरी कळलं होतं का खारट लागतंय ते?" तर हे म्हणाले, "पहिल्या दिवशीच. म्हणून तर तेव्हापासून पेपर जास्त वाचतो." नाशिकला फोन लावला. तिथल्या आहार सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, असं होतं काही जणांना, ऑपरेशननंतर जिभेची चव बदलते, सावकाश येते जाग्यावर. तुम्हाला निघताना सांगितलं होतं. सांगितलंही असेल. त्या वेळी माझं सगळं लक्ष पुढच्या जेवणात काय मिळणार याकडे होतं.

त्या दिवसापासून मी मीठ चमच्यानं मोजायला लागले आणि चव बघायला लेकीला उभं केलं. आबांच्या वाट्याचं मीठ घालायच्या आधीच वेगळं निघायचं. महिन्याभरात सूज ओसरली.

पौषात अमळनेरला गेलो. भरीत मीच करणार म्हणून नणंदेला आधीच ठणकावून सांगितलं होतं. तिनं बामणोदची वांगी आणून ठेवली होती, पांढरट हिरवी, हातभर लांब. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळात ती भाजली. बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, मिरच्या आणि लसूण ठेचला, सोललेली वांगी घातली. पूर्वी ठेचताना धाप लागायची आणि दोनदा बसावं लागायचं. या वेळी एका दमात ठेचलं. आबांचं भरीत वाटीत बाजूला काढलं, मग बाकीच्यात मीठ घातलं. लेकीनं बोट चाटून मान डोलावली. वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल.

पंगत बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, भरीत, सगळे वाकून जेवत होते. धुळ्याचे दीर म्हणाले, "वहिनी, हात तोच आहे." मी ऐकलं, पण माझं लक्ष आबांकडे होतं. त्यांनी आपल्या वाटीतल्या भरिताचा घास घेतला, सावकाश चघळला आणि पस्तीस माणसांत मोठ्यानं म्हणाले, "अळणी शे."

सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. माझा जीव भांड्यात पडला. मी चांदीची वाटी घेऊन आबांच्या शेजारी बसले, त्यांच्याच वाटीतलं दोन चमचे भरीत माझ्या वाटीत घेतलं, चावून चावून खाल्लं आणि म्हटलं, "चालेल, आबा."