पाटण, पाटण, सांगली

२३ ऑक्टोबर १९९७. सकाळी धुकं, नऊनंतर कडक ऊन. वारा पश्चिमेचा, मंद. पाऊस निरंक.

आमच्या पर्जन्यमापकाचा एक नियम आहे. रोज सकाळी साठलेलं पाणी मोजायचं आणि ओतून टाकायचं. एक दिवस ओतायचं राहिलं, की दुसऱ्या दिवसाचा आकडा खोटा. किस्स्यांचंही तसंच आहे. ते थेंबाथेंबानं साठतात, आपलं लक्ष नसतं, आणि एक दिवस भांडं काठोकाठ भरलेलं असतं. आज पाटणचा दहावा झाला. भांडं भरलंय. ओततो.

आधी सांगायला हवं, की पाटण म्हणजे माणूस. त्या नावाचं गावही आहे, पण आम्हा वायरलेसवाल्यांच्या लेखी माणूसच. पावसाळ्यात नद्यांची पाणीपातळी एकमेकांना कळवायची, हे आमचं काम. पाटणला आनंदा कदम, कोरेगावला मुजावरभाई आणि सांगलीला मी. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी सेट लावायचा. मी पुकारायचं, ‘पाटण, पाटण, सांगली!’ आणि तिकडून रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज यायचा, ‘सांगली, पाटण. बोला, ओव्हर!’

वर्षानुवर्षं हा आवाज ऐकला. तोंड मात्र कधी पाहिलं नाही!

*

वायरलेसवर बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. दोघांनी एकदम बोलून चालत नाही. म्हणून आपलं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचं. ही सवय अंगात मुरते. एकदा मी घरी जेवताना म्हणालो, ‘आमटी अळणी झालीय, ओव्हर.’

बायको म्हणाली, ‘मीठ समोर आहे, ओव्हर!’

पण पाटणनं कमाल केली. त्याच्या मुलीच्या लग्नात लाउडस्पीकरवाल्यानं त्याच्या हातात माईक दिला. हा खणखणीत आवाजात म्हणाला, ‘समद्या पावन्यांनी जेवल्याबिगर जायाचं न्हाई, ओव्हर!’ आणि उत्तराची वाट बघत माईक धरून उभा राहिला.

अख्खा मांडव गप्प. हाही गप्प. शेवटी मांडवाच्या टोकाकडून व्याही ओरडले, ‘जेवतो की! पर आदी अक्षता तर पडू द्या!’

हा किस्सा त्यानंच दुसऱ्या दिवशी मला सेटवर सांगितला. वर म्हणाला, ‘व्याही लय चांगला मिळाला. जबाब देतो.’

*

सेटवर खाजगी बोलायला बंदी होती, आणि ती आम्ही क्वचितच उघड मोडायचो. त्यामुळे घरच्या बातम्या आम्ही हवामानात घालायचो. ‘घरी ढगाळ’ म्हणजे बायको रुसलेली. ‘उघडीप’ म्हणजे माहेरी गेलेली! ‘विजांसह गडगडाट’ म्हणजे काय, ते संसारी माणसाला सांगायला नको.

एका मे अखेरीला, सेटची चाचणी चालू असताना, पाटणनं कळवलं, ‘काल संध्याकाळी जोरदार गडगडाट. एक भांडं फुटलं. ओव्हर.’

नेमके त्या दिवशी आमचे नवे साहेब कराडला बसून ऐकत होते. त्यांनी ताबडतोब जीप काढली आणि पाटणला हजर झाले. ऊन रखरखत होतं. पर्जन्यमापक कोरडा ठणठणीत. आणि त्याचं भांडंही शाबूत!

‘कदम, पाऊस कुठं पडला?’

पाटणनं स्वयंपाकघराकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, ‘साहेब, स्थानिक स्वरूपाचा होता.’

*

माणूस दिसत नसला की आपण तो मनात घडवतो. मी एकदा सरळ विचारलं, ‘पाटण, तू दिसतोस कसा?’

‘सा फूट. छाती हीऽ अशी. मिशीवर लिंबू ऱ्हातंय. ओव्हर.’

आवाज तसाच होता, तेव्हा शंका यायचं कारण नव्हतं. मीही मग थोडं सांगून ठेवलं. म्हटलं, ‘मी गोरा, सडपातळ, डोक्यावर दाट कुरळे केस.’ माझ्या डोक्यावर तेव्हाही विमान उतरवता आलं असतं!

त्या पावसाळ्यात आमच्या हिनं त्याच्यासाठी स्वेटर विणला. सहा फुटी माणसाचा. लोकर संपली, पुन्हा आणली, पुन्हा संपली. ‘भावजी आहेत का दीपमाळ?’ असं म्हणत तिनं तो पुरा केला. एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाटणला पाठवला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘वैनींना सांगा, फिट्ट बसला. ओव्हर.’

*

आमच्यात एक कडक नियम होता. सांगली हे मुख्य ठाणं. मी ‘बंद करायला परवानगी आहे’ असं म्हटल्याशिवाय कुणी सेट बंद करायचा नाही. मुजावरभाई कधी मधेच गुल व्हायचे आणि नंतर बॅटरीवर ढकलायचे. पाटण मात्र कधी नाही.

एका जुलैत संध्याकाळचे निरोप चालू असताना वीज कडाडली आणि आमचा अँटेनाच खाली आला. सेट ठार मुका. दुसऱ्या दिवशी सकाळी तार जोडली, बटण दाबलं आणि पुकारलं, ‘पाटण, पाटण, सांगली!’

लगेच उत्तर, ‘सांगली, पाटण. कालधरनं ऐकतोय. बोला, ओव्हर!’

‘कालपासून? अरे, सेट बंद का नाही केलास?’

‘परवानगी कुटं दिली?’

‘जेवलास तरी का?’

‘कारभारणीनं ताट हितंच आणलं. सेटम्होरं जेवलो.’

‘आणि झोप?’

‘आता झोपायची परवानगी बी तुमीच देता व्हय? ती घेतली मी आपली!’

मी रीतसर म्हणालो, ‘पाटण, बंद करायला परवानगी आहे.’

तो म्हणाला, ‘आता कशाला? सकाळची येळ झाली की! पातळी घ्या.’

*

दर हंगामात ठरायचं, नोव्हेंबरात कराडला भेटायचं. दोघांनाही मध्यावर. एकदा त्याची म्हैस व्याली, एकदा माझा पाय मुरगळला, एकदा साहेबांनी रजाच नाही दिली. गेल्या वर्षी मी म्हणालो, ‘या खेपेला काही झालं तरी भेटायचंच.’

तो म्हणाला, ‘भेटू की. पर गड्या, समोरासमोर बोलायचं कसं? बटण कुणी दाबायचं?’

तोही नोव्हेंबर तसाच गेला.

*

यंदा १४ ऑक्टोबरला संध्याकाळी त्यानं निरोप दिला, ‘सांगली, पाटण. पातळी उतरती. पाऊस निरंक. बाकी...’ आणि बटण सोडलं. ‘ओव्हर’ नाही. असं कधी झालं नव्हतं.

मी पुकारत राहिलो. मग सेटवर बाईचा आवाज आला. ‘आवं सांगली, ह्यास्नी कसं तरी हुतंय वो!’ या सुभद्रावहिनी. त्यांनी बटण दाबलं ते सोडलंच नाही. त्यामुळे मला तिकडची पळापळ, भांडी, जीपचा आवाज, सगळं ऐकू येत होतं आणि मी ‘त्याला आडवा करा, छातीवरची बटणं काढा’ म्हणून ओरडत होतो, ते तिकडं कुणालाच ऐकू जात नव्हतं.

दवाखान्यात नेताना कराडच्या वाटेवरच तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं माझ्या तोंडून निघालं, ‘पाटण, पाटण, सांगली.’

बराच वेळ खरखर. मग मुजावरभाई म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या, सांगली. कोरेगाव बोलतोय.’

*

आज पहाटेच दहाव्याला निघालो. कराडला पाटणची गाडी पकडली. शेजारी एक जाडजूड, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसले होते. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, ते रुमालानं डोळे पुसत होते. दुःखात माणसाला बोलावंसं वाटत नाही. गाडी सुटून स्टँडच्या बाहेर पडली, तरी दोघं गप्प.

कंडक्टर आला. ते गृहस्थ म्हणाले, ‘एक पाटण.’

मी ताडकन उठलो. ‘कोरेगाव?’

त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘या अल्ला! सांगली?’ मग माझ्या डोक्याकडं बघत, ‘आन् केस कुटं गेलं?’

आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. रडता रडता हसू आणि हसता हसता रडू. सगळी गाडी बघत होती.

कंडक्टर वैतागला. ‘आवं, कोरेगाव का सांगली, एक काय ते ठरवा! ही गाडी पाटणला चाललीय!’

*

घर शोधायला लागलं नाही. अंगणात अँटेनाचा उंच खांब होता.

ओसरीवर हार घातलेला फोटो होता. मी बघतच राहिलो. किरकोळ अंगाचा माणूस, गुळगुळीत दाढी, आणि मिशी तर नावालाही नव्हती! मागून कुणी तरी धरून स्टुलावर बसवावं, तसा बसला होता.

मी वहिनींना म्हणालो, ‘वहिनी, मी...’

एवढ्यावरच त्यांनी पदर डोळ्याला लावला. ‘वळीकलं वो, सांगली भावजी. स्वयपाक करताना रोज तुमचाच आवाज कानावर. ह्यो फोटू बगून घाबरला न्हवं?’

त्या आत गेल्या आणि स्वेटर घेऊन आल्या. कोपरं विरलेली, बाह्यांना चार-चार घड्या घालून टाके मारलेले.

‘पावसाळाभर ह्योच अंगात. गुडघ्यापत्तोर यायचा. मी म्हनायची, आवं उसवून बारीक करती. तर म्हनायचं, सांगलीचं माप चुकलं न्हाई, माजंच चुकलंय. मी भरीन हळूहळू!’

वहिनी हसायला लागल्या. मग सगळं घरच हसायला लागलं. दहाव्याच्या घरात असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

*

नंतर सगळे नदीवर गेलो. पिंड ठेवला आणि मागं सरून उभे राहिलो. मुजावरभाई माझ्या शेजारी, टोपी नीट करून. पलीकडं उंबरावर कावळे भरपूर होते. एक खाली उतरला, पिंडापासून हातभर लांब थांबला आणि मान फिरवून बसला. वहिनींनी सांगून टाकलं होतं, कावळा शिवेस्तोवर पाण्याचा थेंब घेणार नाही. सकाळपासून त्या तशाच होत्या.

धाकटा भाऊ पुढं झाला. ‘दादा, वैनीला अंतर देणार न्हाई.’ कावळा ढिम्म.

जावई म्हणाले, ‘मामा, तुमची लेक सुखात हाय.’ कावळा ढिम्म.

वहिनी म्हणाल्या, ‘आवं, म्हस इकणार न्हाई. या आता.’ त्यानं चोच पंखात घातली.

कुणी तंबाखूची पुडी ठेवली, कुणी गरम भजी आणली. ऊन चढलं. वहिनींना उभं राहवेना, त्या खाली वाळूत बसल्या. एक म्हातारा म्हणाला, ‘दर्भाचा कावळा करा आता. ह्याचं काय तरी अडाकलंय, आपल्याला उमगंना.’ वहिनींनी जोरजोरात मान हलवली. ‘न्हाई! त्यांचं काय ऱ्हायलं ते कळल्याबिगर न्हाई!’

मुजावरभाईंनी माझ्या कोपराला धरलं. हळूच विचारलं, ‘सांगली, त्या सांजच्याला तुमी त्याला परवानगी दिली हुती का?’

मी त्यांच्याकडं बघितलं. मग पुढं झालो. उजवी मूठ तोंडासमोर धरली आणि अंगठा दाबला.

‘पाटण, पाटण, सांगली. तुमचा निरोप पूर्ण मिळाला. पातळी उतरती, पाऊस निरंक. पाटण, बंद करायला परवानगी आहे. ओव्हर.’

अंगठा सोडला.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी कावळा शिवला.