मनःशांतिमापकासह पूर्णगडला

पुण्याच्या स्टँडवर एस.टी.च्या कंडक्टरने भावोजींच्या मांडीवरच्या खोक्याकडे बोट दाखवून विचारलं, "रेडिओ का?"

"मनःशांतिमापक," भावोजी म्हणाले.

कंडक्टरने खोक्याचा आकार नजरेने मापला. "मनःशांतीचं अर्धं तिकीट पडेल." भावोजींनी निमूटपणे तिकीट काढलं, आणि मनःशांती माझ्या पायांवर बसून रत्नागिरीला आली.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. ऐंशी साल उलटलं आणि त्यांनी विज्ञान आणि अध्यात्म यांचं लग्न लावून द्यायचा विडा उचलला. दोन्ही पक्षांना कोणी विचारलं नव्हतं. ध्यानाने रक्तदाब उतरतो आणि गोळ्यांची गरजच राहत नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. त्यांच्याकडे एक बिनतोड पुरावा होता, तो म्हणजे आमची ताई. वर्षभरापूर्वी त्यांनी तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, तिला ध्यानाला बसवलं, आणि तेव्हापासून पारा शहाण्यासारखा खाली राहिला होता. पण एकाच पुराव्याने जग हलत नाही. त्यातून शहरातली मनं पडली गढूळ, तेव्हा समुद्राकाठची निर्मळ मनं हवीत असं ठरलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाई पूर्णगडचा होता. त्याच्या भावाकडे उतरायची सोय झाली आणि ताईला सोबत म्हणून मी ऑफिसात रजा टाकली.

रत्नागिरीत चहा घेऊन आम्ही पूर्णगडची गाडी पकडली. थंडीचे दिवस होते. सड्यावरचं (जांभ्या दगडाच्या माळरानावरचं) गवत वाळून पिवळं झालेलं, मध्येच कलमांच्या बागा, मग एकदम उतार आणि माडांची गर्दी. खाडी समुद्राला मिळते तिथे टेकडीवर बेताचा किल्ला बसलेला. खिडकीतून वारा यायला लागला तशी ताईने डोक्यावरचा पदर सोडला. कितीतरी दिवसांनी ती मला मोकळी दिसली.

शिपायाचा भाऊ दत्ताराम परदेशी बोटींवर नोकरी करणारा, पन्नाशीचा, अंगाने भरलेला माणूस. ओटीवर जपानी टेपरेकॉर्डर मण्यांच्या रुमालाखाली झाकलेला होता. "या, या. लई तरास झाला आसंल," तो म्हणाला. "वैनी, आदी पाय धुवा." त्याच्या बायकोने घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस पुढे केला. भावोजींनी गूळ सात्त्विक असल्याचं सांगून तीनदा रस मागून घेतला.

प्रयोगासाठी भावोजींना ग्रामदेवीच्या देवळाचा सभामंडप हवा होता. गुरव म्हणाला, "कौल लावाया हवा." कौल म्हणजे देवीची परवानगी. देवीच्या ओल्या पाषाणावर दोन्ही अंगांना फुलाच्या पाकळ्या चिकटवतात आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमची डावी पडली.

"एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही," भावोजी म्हणाले. "पुन्हा लावा."

"नाय वो सायेब. आईनं सांगितलान तां सांगितलान. आपल्याला पटंपर्यंत विचारायचा, तर मग तिला विचारायचा कशाला?"

मात्र प्रश्न बदलता येत होता. दत्तारामच्या खळ्यात (अंगणात) चालेल का, असं विचारल्यावर उजवी पडली. भावोजींनी यात देवीचा काही संबंध नसल्याचं मला वाटेत समजावलं आणि खळ्यात जाऊन सतरंज्या घातल्या.

माणसं बरीच जमली, कारण चहा होता. भावोजी एकेकाच्या कपाळाला मापकाच्या तारा चिकटवून डोळे मिटायला सांगत आणि काट्याकडे बघत. स्वयंपाकघरात बांगडे तव्यावर पडले तेव्हा काटा ताडकन उडाला. भावोजींनी त्याला ऊर्ध्वगामी शक्तीची जागृती म्हटलं. थोड्या वेळाने वीज गेली. काटा शून्यावर येऊन थांबला, आणि त्या क्षणी कपाळाला तारा असलेला म्हातारा कोळी संपूर्ण चित्तशून्य अवस्थेला पोहोचल्याची नोंद झाली. म्हातारा खरंच झोपला होता, हे मला मान्य करायला हवं.

रक्तदाब मोजायची पद्धतही शास्त्रीय होती. पारा खाली आला नाही, तर पहिल्यांदा पट्टा सैल बसलेला असे आणि दुसऱ्यांदा समोरचा माणूस खोकलेला असे. तिसऱ्यांदा पारा खाली दिसला की भावोजी घाईने पट्टा सोडवत.

जेवणानंतर मी परसदारी हात धुवायला गेले, तर विहिरीपाशी ताई उभी. तिने कुंकवाच्या डबीतून गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली.

"बघतेस काय अशी?" ती म्हणाली. "डोकं गरगरायला लागलं म्हणून पहिल्याच महिन्यात पुन्हा सुरू केल्या."

"मग भावोजींना सांगत का नाहीस?"

"पारा खाली आला की लहान मुलासारखे हरखतात गं. चार लोकांत माझं नाव घेतात. मला नाही जमत." मग म्हणाली, "श्वासाचं ते करते मी, खोटं नाही. झोप छान लागते. पण गोळीचं काम गोळीनेच होतं."

मला हसूही आलं आणि तिची दयाही आली. एका बाईच्या मायेवर एक अख्खा सिद्धांत वर्षभर उभा होता.

संध्याकाळी दत्ताराम ओटीवर येऊन बसला. मुंबईला कंपनीच्या डॉक्टरकडे त्याची तपासणी व्हायची होती. "प्रेशरच्या गोळ्या चालू हायत असा कळला तर बोटीवर घेत नायत," तो म्हणाला. "वैनींच्या खरंच सुटल्या?"

"वर्ष झालं," भावोजी म्हणाले. "पारा बघून घ्या."

"मग मीपण उद्यापासना बंद करतंय."

दाराआड उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने ताईचा हात धरला. दत्तारामचा बाप ह्याच दुखण्याने ह्याच खळ्यात कोसळला होता आणि पुन्हा उठला नव्हता, असं ती हलक्या आवाजात म्हणाली. ताईचा चेहरा उतरला. भावोजी मात्र दत्तारामला पद्मासन शिकवण्यात गुंग झाले होते.

सकाळी चहा पिताना ताई म्हणाली, "मला देवीला काहीतरी विचारायचंय."

भावोजी समंजसपणे हसले. निरीक्षक म्हणून आपणही येतो, म्हणाले. दत्तारामही आमच्याबरोबर निघाला. देवळात नेहमीची पाचसात माणसं होती. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि ताईकडे वळला. "बोला माय, काय विचारायचा?"

ताई देवीकडे बघत एका दमात म्हणाली, "यांनी माझ्या गोळ्या बंद केल्या, पण मी वर्षभर त्या चोरून घेतेय. पारा उतरतो तो गोळीने. हे यांना सांगू का, एवढं विचारा."

भावोजी माझ्या शेजारीच उभे होते. गुरवाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याने खाडीतल्या होड्यांपर्यंत पोचेल अशा आवाजात सुरुवात केली, "गे आई माये, ही पुण्याची माय तुज्या दारात आलेली हाय!"

"व्हय म्हाराजा," माणसं म्हणाली.

"न्हवऱ्यानं गोळ्या बंद केलान, ती चोरून घेते!"

"व्हय म्हाराजा." यात दत्तारामचाही आवाज होता.

"तर ह्या न्हवऱ्याला सांगायचा का नाय, काय तो कौल दे!"

"व्हय म्हाराजा."

मग सगळे पाषाणाकडे बघत थांबले. मी भावोजींकडे बघितलं. वर्षभर त्यांची थट्टा करण्यात मला फार मजा आली होती, पण त्या वेळी त्यांच्या हाताला धरून कुठेतरी नेऊन बसवावं असं वाटलं.

डावी पाकळी पडली.

"आई नको म्हणते," गुरवाने निकाल दिला. "न्हवऱ्याला सांगायचा नाय."

कोणीही हसलं नाही. भावोजींनी तोंड उघडलं, आणि आता ते पुन्हा लावा म्हणणार असं मला वाटलं. पण त्यांनी तोंड मिटलं आणि बाहेर गडग्यावर (दगडांच्या कुंपणावर) जाऊन बसले. दत्ताराम घाईने चपला घालू लागला. "वैनी, मी गोळी घेऊन येतंय," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणंल तां म्हणंल. बोट चुकली तर चुकली."

दुपारी आम्ही परत निघालो. दत्तारामच्या बायकोने ताईची ओटी भरली आणि तिचे हात सोडेना. गाडी आंबा घाट चढू लागली. खिडकीतून खालचं रान बघताना मी विज्ञान आणि अध्यात्म यांच्या नात्याचा विचार करत होते. ध्यानाने ताईला झोप लागते, गोळीने तिचा पारा उतरतो, आणि दोन्ही आपापल्या जागी बिनबोभाट नांदतात. भांडण लागतं ते मध्यस्थांमुळे. असं एखादं वाक्य भावोजींना ऐकवावं म्हणून मी जुळवाजुळवही केली, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तो बेत सोडला.

घाटमाथ्यावर गाडी चहाला थांबली. मला वाटलं, भावोजी पाय मोकळे करायला उतरतील. ते जागचे हलले नाहीत. त्यांनी हळूच ताईला विचारलं, "दुपारची घेतलीस का?"

ताईने पदर सारखा केला. "देवीने सांगू नको म्हटलंय," ती म्हणाली.

भावोजींनी मान डोलावली. मग पिशवीतून फिरकीचा तांब्या काढून त्यांनी झाकण उघडलं, तो ताईच्या हातात दिला, आणि तिचं पिऊन होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.