पदाजीशेठचा तिसरा पेला

लिहायला बसलोय, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही, आणि बाबांची सहीसुद्धा बघणाऱ्याला बैलाचं चित्र वाटते. पण कॉलेजच्या वार्षिकांकाचे सर म्हणाले, "घरातला एखादा गमतीदार प्रसंग लिही." आमच्या घरात तसा प्रसंग एकच झालाय. तो माझ्यामुळे झालाय.

एका वाक्यात सांगायचं, तर ताईच्या हळदीसाठी मी दोन पिंपं बिअर केली. ती बिअर आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता नीट सांगतो. आम्ही गव्हाणचे आगरी. आमच्यात पाहुणा एक वेळ लग्नाला चुकेल, हळदीला चुकत नाही, कारण हळद कोरडी नसते. (समजून घ्यावं.) पण सुनंदाताईचं लग्न ठरलं जासईच्या पदाजीशेठच्या धाकट्या मुलाशी, प्रकाशशी, आणि पदाजीशेठ म्हणजे दारूचे वैरी! सुपारी फुटली तेव्हाच त्यांनी बाबांना बजावलं, "व्याही, तुमच्या हळदीला दारू निंगाली, तर वरात वेशीवरनं मागं फिरंल. मी सोता बघाय येनार हाय."

"शब्द दिला," बाबा म्हणाले.

ताईला प्रकाश मनापासून आवडला होता. तसं ती कुणाला बोलली नव्हती, पण त्याचं नाव निघालं की ती घासलेली कळशी पुन्हा घासायला घ्यायची. लग्नाच्या महिन्यात आमच्या कळश्यांत तोंड दिसत होतं.

बाबांनी शब्द दिला आणि घरात सुतक आलं. काका म्हणाला, "कोरडी हळद? लोकं येतील, हळद लावतील, आंघोली करून घरी जातील! जन्मभर तोंड दाखवाय जागा नाय."

"मग काय पाजू? ताक?" बाबा खेकसले.

अशा वेळी आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात. मी पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घराण्यातला पहिला. त्यामुळे रेडिओ बिघडला, म्हैस आटली, काकाचा गुडघा धरला, की "हरेशला इचारा, तो सायन्स शिकतो." मला नाही म्हणता येत नाही. मी लायब्ररीत गेलो.

तिथे एका जुन्या इंग्रजी पुस्तकात सापडलं: आलं, लिंबू, साखर आणि पावाचं यीस्ट यांचं फसफसणारं पेय. नावात बिअर हा शब्द होता खरा; पण खाली लिहिलं होतं की हे लहान मुलांना आणि आजाऱ्यांनाही चालतं. मी नाव सोडून दिलं आणि कृती उतरवून घेतली. शेवटची ओळ होती, "दोन दिवसांत संपवावे." ती मला काटकसरीचा सल्ला वाटली.

बिअर मला माहीतच नव्हती, असं नाही. हायवेवरच्या एका हॉटेलात बाळादादाने, म्हणजे काकाच्या थोरल्या मुलाने, मला एकदा पेलाभर पाजली होती. मी पहिला घोट टेबलाखाली थुंकलो. (टेबलाखाली बाळादादाचा पाय होता.)

"अरे, कडूच असते ती!" तो पाय पुसत म्हणाला. "चार-पाच येला त्रास होतो, मंग आवरते."

जी गोष्ट आवडायला चार-पाच वेळा त्रास सोसावा लागतो, ती लोक का पितात, हे मला कळलं नव्हतं. माझं सरबत तसं नव्हतं. गोड, थोडं तिखट, नाकात बुडबुडे! ते आवडून घ्यायला काही शिकावंच लागत नव्हतं.

यीस्ट आणायला मी पनवेलच्या बेकरीत गेलो. चाचांनी विचारलं, "केक बनाते हो क्या, मियाँ?"

"सरबत," मी म्हटलं.

चाचांनी मला नीट न्याहाळलं आणि पुडी दिली. "अल्ला खैर करे," एवढंच म्हणाले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

हळदीच्या आठ दिवस आधी मी पडवीत दोन पिंपं भरली, वर फडकी बांधली आणि अभ्यासाला निघून गेलो. इथे दोन चुका झाल्या. पहिली माझी: पुस्तक थंड देशातलं होतं आणि आमची पडवी मे महिन्यातली. दुसरी हिराकाकीची. तिने दुसऱ्या दिवशी चव घेतली.

"हरेशचा सरबत आंबाटलाय," ती म्हणाली, आणि त्यात गुळाचा खडा टाकला.

आता सायन्स असं की यीस्ट गूळ खातं आणि त्याचं दुसरंच काही करून ठेवतं. तिसऱ्या दिवशी गोडी गायब. काकीने पुन्हा गूळ टाकला. मग आईने टाकला. मग हळदीसाठी आलेल्या दोन आत्यांनी टाकला. येणारी प्रत्येक बाई चव घ्यायची, "गूळ कमी हाय" म्हणायची आणि खडा टाकायची. (चव घ्यायला त्या दिवसातून किती वेळा यायच्या, हे तेव्हा कुणी मोजलं नाही.) आठवड्यात अख्खी ढेप त्या पिंपांनी गिळली. मी रोज रात्री विचारायचो, "सरबत ठीक आहे ना?" आणि आत्या हसत सुटायच्या. मला वाटायचं, लग्नघरातला आनंद आहे.

हळदीचा दिवस उजाडला. आमच्याकडे नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे येते, म्हणून ती घेऊन दुपारी जासईहून दोन जीप आल्या. पुढच्या जीपमधून पांढरेशुभ्र कपडे घातलेले पदाजीशेठ उतरले. त्यांनी मांडवात चक्कर मारली, खुर्च्यांखाली बघितलं, केळीच्या खांबामागे बघितलं. काकाच्या तोंडाचा वाससुद्धा घेतला!

"कोरडा हाय," ते म्हणाले. काकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सरबत घ्या, शेठ," बाबांनी स्टीलचा पेला पुढे केला. "आमच्या पोरानं पुस्तकात बघून केलंय."

शेठनी एक घोट घेतला. थांबले. माझ्याकडे बघितलं. मी नम्रपणे हात जोडले. शेठनी पेला रिकामा केला आणि म्हणाले, "आनखी आना."

त्यानंतर मांडवात जे झालं, ते मी कोपऱ्यात उभा राहून फार अभिमानाने बघत होतो, हे कबूल करतो. आयुष्यात बाटलीला न शिवलेल्या बाया रांग लावून उभ्या होत्या. शाळेचे निवृत्त हेडमास्तर तिसऱ्यांदा आले. दात नसलेली आजी म्हणाली, "ह्यो चावाय लागत नाय!" पोरांना बर्फाचे गोळे होते म्हणून ती तेवढी वाचली. मला वाटलं, लोकांना वाईट सवय नकोच असते, त्यांना फक्त चांगलं सरबत मिळत नाही! यावर एक निबंध लिहायचं मी मनात ठरवलं.

मग धवलारीण गायला बसली. धवलारीण म्हणजे आमच्याकडे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. तिने नवरानवरीची नावं घेतल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. गोमाबाई चाळीस वर्षं गाते आहे, कधी चुकली नाही. त्या दिवशी तिने पेला खाली ठेवला, डोळे मिटले आणि ताईच्या नावापुढे नवरा म्हणून पदाजीशेठचं नाव लावलं!

सगळ्या माना शेठकडे वळल्या. शेठ मात्र लाजले!

"न्या, न्या," शेठची बायको हातातला पेला उंच करून ओरडली, "माझ्या भाकरी तरी वाचतील!"

आणि पदाजीशेठ उठले. दोन्ही हात वर करून बेंजोपुढे नाचायला लागले. तिसरा पेला त्यांच्या डोक्यावर होता आणि एक थेंब सांडत नव्हता.

एवढा तोल सरबताने येत नाही.

मी धावत पडवीत गेलो. फडकं काढलं. वास आला, आणि हायवेवरचं ते टेबल आठवलं. मागे ताई उभी होती, हळदीने पिवळी.

"हरेश, काय हाय ते?"

मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. मी सांगितलं. तिने कोपऱ्यातली कळशी उचलली आणि घासायला बसली.

मी बाबांना सांगितलं तेव्हा शेठना चौघांनी उचलून जीपमध्ये ठेवलं होतं आणि ते जीपला टाटा करत होते. बाबांनी कपाळावर हात मारला. "शिकवला, शिकवला, आनि घरात भट्टी लावलीस! उद्या सकाळी शुद्धीवर येतील, आनि लग्न मोडलं."

"मी म्हनतच व्हते," हिराकाकी म्हणाली, "शिकलेल्याच्या हातात भांडा देऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो. मुहूर्त संध्याकाळचा. आत ताई कळशी घासत होती. दहा वाजता जासईच्या रस्त्यावर धूळ उठली आणि प्रकाशचा थोरला भाऊ महादू मोटारसायकलवरून उतरला. एकटाच. बाबा उभे राहिले. कळशीचा आवाज थांबला.

मी पुढे झालो. म्हटलं, आपलं पाप आपण सांगावं. "महादूदादा, ते सरबत नव्हतं. माझी चूक आहे. ताईचा यात काही दोष नाही. शिक्षा मला करा."

महादू माझ्याकडे बघतच राहिला. मग गाडीला टेकून हसायला लागला. "आरं, बाबांना पयल्याच पेल्याला समजला! सोडायच्या आधी वीस वरसं काय दूध पीत व्हते ते?"

"मग दुसरा का घेतला?"

"खात्रीला."

"आणि तिसरा?"

"खात्री पटली म्हनून." मग तो गंभीर झाला. "बाबा बोल्ले, पोरानं फसवाय नाय केला, येडेपनात केला. व्याह्यानं शब्द पालला. वरात चारला निंगते. आमची आई पन बोल्ली, असा सरबत आख्ख्या जल्मात प्याला नाय, आजून एक हंडा पायजे."

आत काहीतरी धाडकन पडलं. ताईने कळशी टाकली होती. आई रडायला लागली, काका हसायला लागला आणि बाबांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझा ऊर भरून आला. शेवटी शिक्षण कामाला आलं! मी म्हटलं, "आत्ता आलं आणतो, दादा. कृती माझ्या वहीत आहे."

"तू नको," महादू गाडीला किक मारत म्हणाला. "त्येच सांगाय आलोय. गुलाचा हात जिचा व्हता म्हनून आत्या आईला बोल्ल्या ना, त्या काकीला करू द्या. आनि बाबांनी बजावून सांगलाय, शिकलेल्या पोराला पिंपाच्या आसपास फिरकू देऊ नका!"