बाबांनी निवडलेली बॅट

मैत्रिणींनो, आज दुपारी आम्ही नवराबायको लेकीला घेऊन तिची पहिली क्रिकेट बॅट घ्यायला सीताबर्डीत गेलो.

दुकानदारानं तिच्या उंचीची हलकी बॅट दाखवली. नवऱ्यानं ती बाजूला सारून मोठ्या माणसांची जड बॅट उचलली.

"भाऊ, ही पोरीले झेपत नाही," दुकानदार म्हणाला. "मनगट दुखन तिचं."

"हीच द्या."

लेक हरखली. कालपर्यंत बाबा तिला खेळूच नको म्हणत होते.

घरी आल्यावर मी विचारलं, "जड काहून घेतली?"

"हात दुखले का खेळणं सोडते आपोआप," ते हळूच म्हणाले. "मले वाईट व्हाची गरज नाही."

आत्ता ती मनगटाला ओढणी बांधून अंगणात खेळून राहिली आहे. शेजारणीला सांगते आहे, "माझ्या बाबांनी स्वतः निवडली."

तिला खरं सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?