अप्पांनी शिकवलेला उडीद

गिरणीच्या अप्पांना एखादी गोष्ट ठाऊक आहे आणि ती त्यांनी समोरच्याला सांगितली नाही, असं कधी घडत नसे. ताडकळसच्या रस्त्याला त्यांची छोटी डाळमिल होती. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगभर डाळीचा भुगा आणि तोंड अखंड चालू. रस्ता विचारायला थांबलेल्या मोटारसायकलवाल्यालाही ते उडदाची पारख शिकवूनच सोडत. त्या बिचाऱ्याला पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जायचं असे.

माझं गावात किराणा दुकान. सुरुवातीला मला डाळीतलं ओ की ठो कळत नव्हतं. गोणीतला वरचा दाणा बघायचा नाही, हात घालून तळचा काढायचा, हे मला अप्पांनी शिकवलं. दाताखाली फोडला की तो किती वाळलाय ते कळतं, पिठाचा गोळा बोटांत ताणला की पापडाला चालेल का ते कळतं, हेही त्यांचंच. पुढे शेजारी नवी गिरणी टाकलेल्या माणसालाही त्यांनी हे सगळं शिकवलं, तेव्हा मी चिडलो. चार दिवसांनी तो तुमचंच गिऱ्हाईक पळवील, म्हटलं. अप्पा हसले. "लेका, सांगितल्यानं कमी होतंय व्हय? ही काय भाकर हाय, त्यानं खाल्ली म्हणून आपुन उपाशी राहायला?"

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. त्या आतूनच ओरडत, "ह्यांच्या पोटात काईच टिकत न्हाई. जेवण टिकत न्हाई आन् गोष्टबी टिकत न्हाई!"

काही वर्षांपूर्वी मुंबईचा एक दलाल ब्राझीलच्या दोन पाहुण्यांना घेऊन अप्पांकडे आला. धान्य पिकवून जगभर पाठवणाऱ्या तिथल्या बड्या कंपन्यांपैकी एका कंपनीची ती माणसं. दलाल हिंदीतून सांगत होता : जमीन कंपनीची, साफसफाईची यंत्रं कंपनीची, बंदरावरची गोदामंही कंपनीचीच. सोयाबीन एका देशाला, कोंबडी दुसऱ्या देशाला, आणि आता हिंदुस्थानला उडीद पाठवायचा बेत आहे. "मंग मधी आडत्या न्हाईच?" अप्पांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते बराच वेळ नुसतेच मान हलवत राहिले. मग कळलं की तिकडे उडीद कुणी खातच नाही, म्हणून इथे कसा दाणा चालतो ते बघायला ही मंडळी आली आहेत.

अप्पांना त्यांची दयाच आली. "खात न्हाईत आन् पेरायलेत? चव ठावं न्हाई त्याला दाणा कसा कळंल?" अक्कांनी उडदाचं वरण, ज्वारीची भाकरी आणि ठेचा वाढला. एका पाहुण्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, पण तो वरण मागून मागून जेवला. मग दिवस मावळेपर्यंत अप्पा शिकवत होते : कोणत्या दाण्याची साल एका रगड्यात सुटते, कोणती चकाकी फसवी असते, पापडवाल्या बाया कोणता दाणा परत करतात. जाताना चांगल्यातल्या चांगल्या उडदाची पिशवीही बांधून दिली. मी तिथंच होतो. मला तेव्हा अभिमान वाटला होता.

पुढे नांदेडच्या ठोक व्यापाऱ्याकडून माझ्या दुकानात ब्राझीलच्या उडदाची पहिली गोणी आली. अप्पांनी कोपरापर्यंत हात घालून तळचा दाणा काढला आणि फोडला. "आपुन सांगितलं तसंच केलंय की रं!" पोरगं पास झाल्यावर मास्तर खूश व्हावेत, तसे ते खूश झाले.

त्या खुशीला दृष्ट लागली म्हणायची. आमच्याकडे ऐन काढणीत पाऊस यायचा, शेंगा भिजायच्या, दाण्यावर डाग पडायचा. पूर्वी तो माल खपून जायचा. आता सगळ्यांना तिकडच्यासारखा एकसारखा दाणा हवा होता. लोकांनी उडीद सोडून सोयाबीन धरलं आणि अप्पांच्या गिरणीला भरडायला माल उरला नाही. तिकडचा माल तर बंदराजवळच्या मोठ्या गिरण्याच उचलत. एक दिवस कोंडिबा, अप्पांना वर्षानुवर्षं उडीद घालणारा शेतकरी, सगळ्यांदेखत म्हणाला, "अप्पा, आमचा उडीद डागी म्हणून कुणी हातात धरंना. पाव्हण्यांला येवढं कशाला शिकीवलं तुमी?"

अप्पा उठून आत गेले. कोंडिबाही ओशाळला, पण शब्द गेला तो गेला. एवढी मोठी कंपनी काय एका अप्पांवाचून अडून बसणार होती? त्यांनी नाही तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं. मी हे अप्पांना कैकदा समजावलं. त्यांना ते पटलं नाही. गिरणीची यंत्रं भंगारात गेली, त्या दिवशी ते घराबाहेरसुद्धा आले नाहीत. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

मागच्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. ते बाजेवर पडून असत, फारसं बोलत नसत. मी मुद्दाम दुकानात नव्यानं आलेल्या मालातला मूठभर उडीद नेला होता. दिसायला छान, पण त्याची डाळ शिजायलाच तयार नव्हती. निदान त्या निमित्ताने बोलतील, एवढाच माझा हेतू. त्यांनी दाणे तळहातावर घोळवले, हुंगले, एक फोडला. त्यांचे डोळे लकाकले. खोट काय ते त्यांना कळलं होतं.

ते सांगणार, एवढ्यात रस्त्यावरचा कुणी अनोळखी माणूस अक्कांकडे पाणी मागायला अंगणात आला. अप्पा थबकले. त्याच्याकडे बघत हळूच मला म्हणाले, "आधी दार लाव."

मी दार लावलं. परत येऊन जवळ बसलो. अप्पा दाराकडेच बघत होते. मग त्यांनी दाणे माझ्या हातात परत ठेवले आणि माझी मूठ मिटवली.

"जाऊ दे. मला काय कळतंय?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत अप्पा गेले. त्या उडदात काय खोट होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तो माल मी तसाच विकला.