खंडेनवमीच्या पाटावर लाकडी पिस्तूल

मंडळी, आज खंडेनवमी. धुळ्याच्या घरी पाटावर हत्यारं मांडली. पान्हे, करवत आणि पोस्टाने मागवलेल्या किटमधून पावसाळाभर घासून जोडलेलं माझं लाकडी पिस्तूल. नळी भरीव, पण रंग अस्सल लोखंडाचा. त्यालाही हळदकुंकू वाहिलं.

दुपारी हवालदार दारात. शेजारच्या नानांनी खबर दिलेली.

"भाऊ, हाई काय शे?"

"लाकूड शे. नळीत काडी घालून बघा."

काडी आत गेलीच नाही. तरी म्हणाले, "जमा करा. लोकं घाबरतात."

"मग नानांच्या ओट्यावरची तलवारही उचला. तिला खरी धार आहे."

मागे उभे असलेले नाना म्हणाले, "ती आजोबांची. तिचं वेगळं."

हवालदारांनी तलवारीला लांबूनच हात जोडले आणि तेच हात माझ्या पिस्तुलाकडे पुढे केले.

मी दारात आडवा बसलो. न्यायचं तर दोन्ही न्या, म्हटलं. तलवारीला हात लावायची त्यांची तयारी नव्हती, म्हणून रिकामेच परत गेले.

तुम्हीच सांगा, आपल्या गल्लीत भीती हत्याराची असते, की ते कोणाच्या घरात आहे याची?

पिस्तूल पाटावरच आहे. उद्या नाना सोनं द्यायला येतील, तेव्हाही तिथेच असेल.