पोरीहो, अजून वेळ आहे

आमच्या आपा नव्या तुकडीचं स्वागत तिला घरी पाठवून करायच्या. निदान प्रयत्न तरी जोरदार असायचा. वाशिमच्या आमच्या केंद्रात अपंग मुलांना शिकवणारे शिक्षक तयार होत आणि पहिला तास आपांचा असे. आत येऊन त्यांनी ओढणी सारखी केली, पंखा मोठा केला आणि विचारलं, "सेवा कराले कोण कोण आलं?" आम्ही सगळ्यांनी उत्साहानं हात वर केले. आपा म्हणाल्या, "पुण्यच कमवाचं असन तं पोहरादेवीले जा. इथं काम करा लागते. पोरीहो, अजून वेळ आहे, निंगा."

कोणी निघालं नाही. आपांना याचं दरवर्षी मनापासून वाईट वाटायचं.

कारंजात त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. आपण शिकलो तर गल्ल्यावर बसायची पाळी येणार नाही, एवढ्या उदात्त हेतूनं त्या या क्षेत्रात आल्या होत्या आणि ते लपवत नव्हत्या. "कापड मोजाचा कंटाळा होता मले. इथं येऊन पायते तं माणसं अपंगत्वाच्या टक्क्यानं मोजून राह्यले!" मी रिठद गावची, म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांची 'रिठदवाली' झाले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

करिअर मार्गदर्शनाला बाहेरचे पाहुणे यायचे आणि या क्षेत्रात किती संधी आहेत ते सांगून जायचे. ते गेले की आपांचं मार्गदर्शन सुरू व्हायचं. पगार उशिरा येईल. सोयरे विचारतील, पोरगी नॉर्मल शाळेत का नाही लागली? आणि सगळ्यात आधी पाठ सांभाळा. "पाठ गेली का नोकरी गेली. आन पोराले उचलाच्या आदी त्याले सांगा, का बाप्पा, तुले उचलते. माणूस आहे थो, तुरीचं पोतं नाई." हे नीट समजावं म्हणून त्यांनी दोघींना खूण करून मला मागून, न सांगता उचलायला लावलं. मी अशी किंचाळले की शेजारच्या वर्गातली मुलं बाहेर धावत आली. "समजलं?" आपांनी शांतपणे विचारलं. समजलं होतं.

'देवाची लेकरं' हा शब्द त्यांना सोसत नसे. एका कार्यक्रमात पाहुणे अर्धा तास देवाच्या लेकरांवर बोलले. आपा माझ्या कानाशी पुटपुटल्या, "मंग नखं देवानंच कापावे. सोमवारपासून मी नाई कापत." सोमवारी त्या नेलकटर घेऊन हजर होत्या, ही गोष्ट वेगळी.

किन्हीराजा गावच्या वंदनाचं प्रकरण त्याच वर्षातलं. वंदना विशीतली, जन्मापासून हातपाय ताठर, एकेक शब्द मोठ्या कष्टानं बाहेर यायचा. घराच्या पुढच्या बाजूला वडिलांची पिठाची गिरणी. भावाचं लग्न ठरलं होतं आणि आमच्या संचालकांनी नवं वसतिगृह काढलं होतं. घरच्यांना खाट रिकामी करायची होती, संचालकांना तपासणीच्या आत खाटा भरायच्या होत्या. इतका सुरेख योग क्वचितच जुळतो. फक्त आपांची शिफारस हवी होती. त्या मला सोबत घेऊन गेल्या.

"तिले काई समजत नाई, मॅडम," भाऊ म्हणाला. "तिथं खुश राहीन थे."

आपांनी खुर्ची वंदनाकडे फिरवली. "तुले जाचं आहे का तिथं?"

उत्तर आईनं दिलं. आपांनी हात वर करून तिला थांबवलं. मग वडिलांनी दिलं, त्यांनाही थांबवलं. चहावर साय धरली. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात वंदनाचा आवाज फुटला.

"नाई. गिर...णीवर... बसाचं."

भाऊ हसला. "गिरणीवर काय करशीन तू?"

"तू... डब्बे... बदलवतं. मी... नाई."

ज्वारीवाल्याला गहू आणि गहूवाल्याला बाजरी देण्याबद्दल भाऊ गावभर प्रसिद्ध होता. वडील आधी हसले. मग हसायचे थांबले आणि पोरीकडे पाहत राहिले.

आपांनी शिफारस दिली नाही. संचालक म्हणाले, "आपा, भावनेवर संस्था चालत नाही."

"मी कुठं भावना आणली, साहेब? मी तिले इचारलं फक्त."

पुढच्या वर्षी आपांचा करार वाढवला गेला नाही. निरोपसमारंभ मात्र थाटात झाला. शाल, श्रीफळ, आणि 'त्यागमूर्ती' या विषयावर संचालकांचं ओघवतं भाषण. हा त्याग त्यांच्याकडून कोणी करवून घेतला, तेवढं सांगायचं राहून गेलं.

बसस्टँडवर मला रडू आवरेना. "काहून रडून राह्यली, रिठदवाली?" त्यांनी ती शाल माझ्या हातात कोंबली. "हे घे, मले टोचते. आन आयक. जिथं लोकायचं तुह्यावाचून अडत नाई, तिथं तुही नोकरी चांगली झाली समज." कारंजाची गाडी लागली. खिडकीची जागा मिळवायच्या घाईत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

हल्ली आपा कारंजात वडिलांच्या, आता भावाकडे आलेल्या दुकानात गल्ल्याजवळ बसतात. गिऱ्हाइकाला सांगतात, "हे नोको घेऊ, रंग जाते याचा." भाऊ हात जोडतो. त्या ऐकत नाहीत.

इकडे वंदनाच्या भावाच्या लग्नाच्या धावपळीत गिरणीवर कोणी नव्हतं, म्हणून वडिलांनी तिला तिथं बसवलं. ती तिथंच राहिली. आता किन्हीराजाकडच्या गावांची कामं माझ्याकडे आहेत. मागच्या महिन्यात गेले तर ती उंच खुर्चीत बसली होती, डबा कोणाचा ते मानेनं दाखवत होती, वडील तसतसे दळण टाकत होते. मी पुढे झाले आणि गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून ओरडले, "वंदना, आपांनी विचारलंय तुला!"

तिचा चेहरा फुलला. मग तिनं माझ्या शेजारी उभ्या म्हातारीकडे पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "आदी... मावशीचा... डब्बा."

मावशी माझ्या आधी आल्या होत्या. मी मागे सरकले आणि रांगेत उभी राहिले.